वर देऊळ नाही, टॉवर आहे

ब्राउनश्वाइग, जर्मनी
रविवार, दुपार

ती. अण्णा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

बाळूनं माझा डोंगरावरचा फोटो घरभर दाखवला, हे आईच्या फोनवरूनच कळलं. फोनवर धड बोलणं झालं नाही. आवाज तुटत होता आणि आई मध्येच रडायला लागली. म्हणून सावकाश लिहून पाठवतेय. बाळू, अण्णांना मोठ्यानं वाचून दाखव. काही गाळू नकोस, जिथं गाळ म्हणून लिहिलंय तेवढंच गाळ. खोलीचं, जेवणाचं, कामाचं सगळं नेहमीसारखंच आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

आधी आईची उत्तरं. स्वेटर घातला होता. दोन घातले होते, वरून जर्किन. तोंड पांढरं दिसतंय ते धुक्यानं, अशक्तपणा नाही. पायातले बूट नवे नाहीत, सेकंड हँड आहेत, त्यामुळं पैसे उधळले असं अण्णांनी म्हणू नये. आणि मी एकटी नव्हते. ऑफिसातले आम्ही सहा जण होतो: केरळची एक मुलगी, दोन जर्मन बायका, आमचे साहेब (त्यांचं वय पंचावन्न आहे) आणि बिदरचा एक मुलगा. फोटोत माझ्या उजव्या हाताला उंच दिसतो तो. घरी कानडी बोलतात, पण त्याला मराठी चांगलं येतं. एवढंच.

आई म्हणाली, “वर देव ना देऊळ, मग चढलीस कामून?” खरंय, वर देऊळ नाही. टॉवर आहे. आणि अण्णा, तुम्हाला तेच सांगायचं होतं.

डोंगराचं नाव ब्रोकन. उंची ११४१ मीटर, म्हणजे आपल्या म्हैसमाळापेक्षा फार मोठा नाही. पण उत्तर जर्मनीत याच्याहून उंच काही नाही, म्हणून रेडिओ आणि टीव्हीवाल्यांनी हाच धरला. १९३५ साली इथं गाडीवर यंत्र चढवून टीव्हीच्या लहरी सोडून बघितल्या आणि पुढं १९३६-३७ मध्ये टॉवर बांधला. तो चौकोनी म्हातारा टॉवर अजून उभा आहे, आता त्यात हॉटेल काढलंय. शेजारी दुसरा, १२३ मीटरचा. सध्या काम तोच करतो.

तुम्ही मला लहानपणी विचारलं होतं, परभणी आकाशवाणी केंद्राचा खांब सपाटावर चालतो, मग म्हैसमाळचा टीव्हीचा टॉवर डोंगरावर कशाला? तेव्हा मला काय कळतंय. आता सांगते. परभणी मध्यम लहरींवर लागतं. त्या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, त्यांना उंची लागत नाही. टीव्हीच्या आणि एफएमच्या लहरी मात्र सरळ रेषेत जातात, मध्ये टेकाड आलं की अडल्या. म्हणून खांब जितका उंच तितकी जास्त गावं त्याच्या टप्प्यात. तुम्ही पत्र्यावर चढून अँटेना म्हैसमाळाकडं फिरवायचात आणि खालून आई ओरडायची, “आलं, आलं... गेलं!” मधल्या त्या कडुलिंबानं आपली किती वर्षं वाया घालवली!

साहेबांचं ऐकून तर मला नवल वाटलं. ते लहान असताना जर्मनीचे दोन तुकडे होते. आम्ही चढायला सुरुवात केली ते टोर्फहाउस पश्चिमेकडं आणि ब्रोकन पूर्वेकडं. मधून तारेचं कुंपण. डोंगर समोर दिसायचा, टॉवर दिसायचा, त्या टॉवरवरचा पलीकडच्या सरकारचा टीव्ही यांच्या घरी लागायचा, पण पाय ठेवता यायचा नाही. १९६१ पासून माथा लष्करानं बंद करून टाकला होता. वर भिंत घातलेली, आत रशियन शिपाई आणि पश्चिमेकडचे फोन चोरून ऐकायची यंत्रं. पुढं बर्लिनची भिंत पडली तरी हा डोंगर बंदच. मग ३ डिसेंबर १९८९ ला पूर्वेकडचेच लोक घोळक्यानं वर चालत गेले, दारासमोर उभे राहून ओरडले आणि शेवटी शिपायांना दार उघडावं लागलं. अण्णा, बंदूक नाही, काठी नाही, नुसते चालत गेले!

वाट आठ किलोमीटरची आहे आणि अजिबात अवघड नाही. आईनं डोळ्यांसमोर कडे-कपारी आणू नयेत. आधी दलदल लागते, तिच्यावर फळ्या टाकल्यात. मग जंगल, पण ते वाळलेलं. सुचीपर्णी झाडांना साल पोखरणारा भुंगा लागला आणि डोंगरच्या डोंगर उभे वाळले. सलग काही वर्षं पाऊस कमी पडला, झाडांना डिंक सोडून भुंग्याला हाकलायची ताकद राहिली नाही, असं साहेब म्हणाले. बोंडअळीवर तुम्ही जे बोलता तेच हे लोक भुंग्यावर बोलतात, फक्त हळू आवाजात. पुढं एक टप्पा शिपायांच्या गाड्यांसाठी टाकलेल्या भोकाभोकांच्या सिमेंटच्या फरशांवरून आहे, तिथं तेवढा चढ लागतो.

आता इथली एक गोष्ट मला अजून पचलेली नाही, ती नीट सांगते. या डोंगररांगेत, हार्ट्स म्हणतात तिला, ठिकठिकाणी खांबावर एकेक पेटी ठोकलेली आहे. आत साखळीला बांधलेला रबरी शिक्का आणि शाईचं पॅड. अशा २२२ पेट्या. लोक एक छोटी वही विकत घेतात, चालत पेटीपर्यंत जातात, वहीत शिक्का मारतात आणि परत येतात. झालं, इतकंच! आठ शिक्के झाले की ब्राँझचा बिल्ला, सोळा झाले की चांदीचा, चोवीस झाले की सोन्याचा. खरं चांदी-सोनं नाही हो, बिल्लाच तो. सगळे २२२ झाले की भटकंतीचा बादशहा अशी पदवी. पगार वाढत नाही, कुठं वशिला लागत नाही. पोरंटोरं नाहीत, चांगले पिकल्या केसांचे लोक हे करतात. ब्रोकनची पेटी नऊ नंबरची. तिथं वाऱ्यात रांग लागली होती, सत्तरीच्या दोन बायका ग्रामपंचायतीत दाखल्यावर सही घ्यायला उभ्या असाव्यात तशा गंभीर चेहऱ्यानं उभ्या होत्या. पॅड सुकलेलं असलं तर पंचाईत नको म्हणून साहेब स्वतःचं पॅड खिशात ठेवतात! मी विचारलं, घरी बसून कुणी खोटे शिक्के मारले तर? त्यांना प्रश्नच कळला नाही. आई, तुला वाटेल नवस असेल. नवस नाही. मी खोदून खोदून विचारलं.

मीही वही घेतली. माझे हात गारठले होते, म्हणून शिक्का बिदरच्यानंच मारला. वही सध्या त्याच्याकडेच आहे.

(बाळू, हे आईसमोर गाळ: वर वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस धुकं असतं आणि १९८४ साली तिथं ताशी २६३ किलोमीटरचा वारा मोजलाय.)

माथ्यावर एक झाड नाही. थंडी आणि वारा त्यांना तगूच देत नाही. टॉवर तर आम्हाला अगदी पायथ्याशी जाईपर्यंत दिसला नाही. आधी तारांतून शिरणाऱ्या वाऱ्याचा घूं घूं आवाज आला, मग धुक्यात लाल-पांढरे पट्टे. वर वाटाण्याचं सूप मिळतं, ते प्यायले, पोट भरलं. वरपर्यंत कोळशाच्या इंजिनाची छोटी रेल्वेही येते. आता तू म्हणशील, रेल्वे असताना चाललीस कामून? तिकीट महाग आहे, आई. आणि चालणं बरं वाटतं. तूही भद्रा मारुतीला रात्रभर पायी जातेस, तेव्हा खुलताबादच्या एसट्या बंद नसतात.

आता कामाचं. दिवाळीला येणं जमत नाही. रजा शिल्लक नाही आणि त्या दिवसांतलं तिकीट दुपटीनं आहे. मार्चमध्ये नक्की येते. गेल्या वर्षी पण मार्चच लिहिलं होतंस, असं कुणी म्हणू नका. आजीच्या वर्षश्राद्धाचं ताट ठेवाल तेव्हा माझ्या नावानं कावळ्याला दोन घास जास्त टाका.

शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मी थेट बँकेत भरलाय, म्हणून घरी या वेळी चाळीसच हजार आलेत. वेचणीची मजुरी त्यातून द्या. आडत्याकडून उचल घेऊ नका. कमी पडले तर सांगा, मला काही अडचण नाही, खरंच नाही. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्या, त्याचे पैसे वेगळे पाठवते.

मामांनी आणलेल्या वैजापूरच्या स्थळाचा फोटो बघितला. मुलगा चांगला दिसतो, मी वाईट म्हणतच नाही. पण पत्रिका दिली नसेल तर थांबा आणि दिली असेल तर पुढची बोलणी मार्चपर्यंत नको. मामांना वाईट वाटेल तर माझं नाव सांगा, तशीही मी बदनाम आहे. मी नाही म्हटलेलं नाही, हे आईला दोनदा वाचून दाखव.

सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
सोनी

ता. क. उदगीरकडं आपले कुणी नातलग आहेत का? आत्याच्या सासरचे कुणी होते ना? त्या बिदरच्या मुलाच्या आईचं माहेर उदगीरचं आहे म्हणून सहज विचारलं.