आजारपणाचा जादा खर्च कौन्सिलला कळवा

संपादक महोदय,

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या पिढीने आता सत्तरी ओलांडली आहे. आपले दैनिक इथल्या अनेक घरांत मोबाइलवर वाचले जाते, म्हणून हे पत्र.

यजमानांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून अंघोळ घालायला, कपडे बदलायला कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेकडून, मदतनीस येतात. ही मदत फुकट नसते. उत्पन्न तपासून कौन्सिल दर आठवड्याची रक्कम ठरवते. आम्हाला ६२ पौंडांचे पत्र आले. सरकारी कागद आला म्हणजे विषय संपला, असे समजून आम्ही चौदा महिने मुकाट्याने भरत राहिलो.

यजमानांचा अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे अपंग वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ता, कौन्सिलने उत्पन्नात धरला होता. तसा तो धरता येतो. पण मग अपंगत्वामुळे होणारा जादा खर्च वजा करावाच लागतो. २०१४ च्या केअर अ‍ॅक्ट या देखभालीच्या कायद्याखालील नियमच तसा आहे. उत्पन्न तपासणीच्या फॉर्मवर या खर्चासाठी 'डिसॅबिलिटी रिलेटेड एक्स्पेंडिचर' असा रकाना होता. मी तिथे रेघ मारली. रोज चादरी धुवायच्या, याला कोणी खर्च म्हणते का? ते घरचेच काम. शिवाय नवऱ्याचे अंथरूण ओले होते, हे परक्या माणसाला लिहून देताना हात धजेना. ओळखीच्या दोन मराठी घरांत विचारले, तर त्यांनीही रेघच मारली होती.

सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये या खर्चाची यादी आहे. जादा धुणे, अंथरूण-पांघरूण, हीटिंग, मीटरचे पाणी, पथ्याचा आहार, खास कपडे, साफसफाई, बागेची देखभाल, उपकरणांची दुरुस्ती, इंटरनेटसुद्धा. यादीबाहेरचा खर्चही सांगता येतो, आणि तो केअर प्लॅनमध्ये, म्हणजे मदतीच्या लेखी आराखड्यात, लिहिलेलाच हवा असे नाही. यजमानांच्या उजव्या पायाला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, असते. तो पाय मोठ्या मापाच्या बुटातच मावतो, म्हणून दोन मापांचे दोन जोड घ्यावे लागतात आणि प्रत्येकातला एक बूट तसाच पडून राहतो. पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, त्या कामी आल्या.

खर्च कळवल्यावर कौन्सिलने आधी एक ठरावीक रक्कम वजा करायची तयारी दाखवली. आमचा खर्च त्याहून जास्त होता. मी लेखी फेरतपासणी मागितली, सोबत वर्षभराची वीज-गॅसची बिले आणि महिनाभर रोज किती वेळा मशीन लावले त्याची वही जोडली. ६२ चे ३७ पौंड झाले. २५ पौंडांचा फरक, तोही दर आठवड्याला. पेन्शनवर चालणाऱ्या घरात ही रक्कम थोडी नाही.

आजारी माणसाच्या नावावर २३,२५० पौंडांपेक्षा जास्त शिल्लक असेल, तर बहुधा पूर्ण आकार भरावा लागतो आणि या वजावटीचा उपयोग होत नाही. मात्र घरी मदत घेत असताना राहते घर त्यात धरत नाहीत. घर जाईल या धास्तीने कित्येक जण मदतच मागत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम निराळे आहेत.

इथल्या मराठी मंडळांनी सणांच्या कार्यक्रमांना जोडूनच एक दुपार हे फॉर्म भरून देण्यासाठी ठेवावी, ही विनंती. मुले दूर असतात आणि असल्या गोष्टी फोनवर सांगवत नाहीत.

आधीच्या चौदा महिन्यांत जास्त भरलेले पैसे परत मिळावेत म्हणून मी अर्ज केला आहे. उत्तर अजून यायचे आहे.

— एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)