रश्श्याची पिशवी शेवटी नासर्डीतच जाते

संपादक साहेब, नमस्कार.

माझं छोटं मिसळीचं दुकान आहे, त्यामुळे आधी स्वतःचंच सांगतो. पार्सलला रस्सा एका पिशवीत, फरसाण दुसऱ्या, कांदा-लिंबू तिसऱ्या, म्हणजे एका मिसळीमागे तीन पिशव्या, आणि त्या शेवटी कुठं जातात तर पहिल्या पावसात गटारीतून नाशिकच्या नासर्डी नाहीतर वाघाडी नदीत आणि तिथून सरळ गोदावरीत! १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकची पिशवी २०२२ च्या डिसेंबरपासून बंद आहे, तरी होलसेलला अजून बिनधास्त मिळते.

मग आम्ही काय केलं तर घरून डबा आणणाऱ्याला ५ रुपये कमी. पहिला आठवडा लोक हसले, आता सकाळी स्टीलच्या डब्यांची लाईन असते. चहाचे कागदी कप पण बंद केले, आतून प्लॅस्टिकचा थर असतो त्यांना, काचेचे ग्लास धुवायला एक बाई लावली. खर्च वाढला, खोटं कशाला बोलू, पण कपाचे पैसे वाचले.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांनी निदान पॅकिंगच्या पट्ट्या आणि थर्माकोल उघड्यावर टाकू नये, झाकण लावून ठेवावं. दुकानांसमोरच्या गटारीला जाळी बसवली आणि ती रोज झाडली तरी बराच कचरा तिथंच अडेल. आणि रात्री शटर ओढताना कचरा गटारीत लोटणारे आमचेच शेजारी, त्यांना काय बोलणार? सकाळी घंटागाडी येतेच ना दारात.

२०२७ ला सिंहस्थ कुंभमेळा आहे, गोदावरीच्या रामकुंडावर गर्दी होईल तेव्हा घाईघाईत झाडू मारण्यापेक्षा महापालिकेनं आत्ताच होलसेलवाल्यांची गोदामं तपासावी.

– एक मिसळवाला, नाशिक