प्लग नवे, वायरी मात्र जुन्याच

माननीय संपादक,

महोदय,

मोटारीची निगा घरच्या घरी कशी राखावी, यावर आपल्या वृत्तपत्रात नुकताच जो लेख आला, त्यातील स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारे प्लग, बदलण्याचा भाग वाचून हे पत्र लिहीत आहे. लेख सोपा आणि बराचसा बिनचूक आहे. परंतु प्लगच्या वायरी 'तुटलेल्या दिसल्या तरच बदलाव्यात' असे एक वाक्य त्यात ओघात येऊन जाते, आणि माझा आक्षेप त्या एका वाक्याला आहे. खराब झालेली वायर बहुतेक वेळा तुटलेली दिसतच नाही.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल (बॅटरीच्या विजेचा दाब वाढवणारे वेटोळे) बसवलेली असते, त्यामुळे त्यांना या वायरी नसतात. ज्यांत डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला आळीपाळीने वीज वाटणारा भाग) आहे किंवा एका कॉइल पॅकमधून वायरी निघून प्लगांपर्यंत जातात, अशा गाड्यांविषयी मी लिहीत आहे.

बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमधून कित्येक हजार व्होल्ट होऊन बाहेर पडतात, हे लेखात सांगितले आहे. पण विजेचा हा दाब (व्होल्टेज) ठरावीक नसतो, ही महत्त्वाची गोष्ट राहून गेली. प्लगच्या दोन टोकांमधील फटीतून ठिणगी उडेपर्यंत तो चढत जातो. फट लहान असेल तर लवकर उडते, मोठी असेल तर दाब आणखी चढावा लागतो. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असताना एका प्लगवर सेकंदाला किमान 25 ठिणग्या पडतात आणि दर ठिणगीगणिक धातूचा सूक्ष्म अंश झिजतो. नवा असताना एक मिलिमीटरच्या आसपास असलेली फट अशी वाढत जाते, आणि वाढीव दाबाचा सगळा भार वायरीच्या रबरी आवरणावर पडतो. ते आवरण इंजिनाच्या उष्णतेने, तेलाच्या ओशटपणाने आणि सततच्या हादऱ्यांनी आधीच कडक झालेले असते. विजेला प्लगच्या फटीपेक्षा आवरणातून इंजिनाच्या धातूकडे जाणे सोपे वाटू लागले की गाडी मिसिंग करू लागते, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकून झटके देते. सुरुवातीला हे फक्त चढावर किंवा दमट हवेत जाणवते, कारण इंजिनावर भार असताना ठिणगीला सर्वांत जास्त दाब लागतो आणि ओलसरपणाने गळतीला वाट मिळते.

अशा वेळी नुसते प्लग बदलले तर काय होते? फट पुन्हा लहान झाल्यामुळे लागणारा दाब उतरतो, दुबळी वायरही तेवढा दाब सहन करते, आणि गाडी सुधारली असे मालकाला वाटते. काही हजार किलोमीटरनंतर फट थोडी वाढली की तीच तक्रार परत येते, आणि दोष नव्या प्लगांवर किंवा कॉइलवर ढकलला जातो. दरम्यान न जळालेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवत राहते. त्या भागापुढे वायरींचा खर्च किरकोळ ठरतो.

याहून फसवी गोष्ट वायरीच्या टोकाला असलेल्या रबरी टोपीत दडलेली असते. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून वीज एकदा बाहेरून घसरली की तेथे केसासारखी काळी रेघ उमटते, आणि तिच्या समोर टोपीच्या आतल्या बाजूसही तशीच रेघ पडते. ही रेघ कार्बनची असल्याने पुढच्या वेळी विजेला ती तयार वाटच मिळते. प्लग नवा आणि टोपी तीच राहिली, तर थोड्याच दिवसांत नव्या प्लगवरही रेघ दिसू लागते. (प्लगच्या धातूच्या कडेलगत चिनी मातीवर तपकिरी वलय दिसते, ते मात्र निराळे. तो दोष नव्हे, पण अनेक जण त्याला वायूची गळती समजून चांगला प्लग फेकून देतात.)

वायर तपासण्याचे उपाय साधे आहेत. रात्री दिवे मालवून, बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून दुरूनच पाहिले तर गळकी वायर निळसर ठिणग्यांनी स्वतःच ओळखू येते. त्या वेळी हात मात्र कशालाही लावू नये. इंजिन बंद करून वायर काढून मीटरने तिचा रोध मोजता येतो. कार्बनच्या गाभ्याच्या वायरींत तो साधारणपणे काही हजार ओहम असतो आणि लांबीनुसार कमीजास्त होतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या वायरीचा गाभा आत तुटलेला आहे. अर्थात, मीटरवर आकडा बरोबर आला म्हणून आवरणही चांगले आहे असे सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

प्रत्यक्ष कामाविषयी लेखात दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली म्हणजे वायरी एकेक करूनच बदलाव्यात. उमेदवारीच्या दिवसांत मी एकदा चारही वायरी एकदम उपसल्या आणि लावताना दोन अदलाबदल केल्या. सेल्फ मारताच इंजिनाने असा धडाका दिला की शेजारी उभे असलेले उस्ताद हातातला पाना टाकून मागे सरले. वायर ओढताना टोपी धरून थोडी फिरवून सैल करावी, वायरीला धरून हिसका देऊ नये, आणि नवी वायर जुनीच्याच वाटेने, त्याच क्लिपांमध्ये बसवावी. एकमेकींना चिकटून लांबवर समांतर गेलेल्या वायरींत एकीची वीज दुसरीत उतरू शकते.

दुसरी गोष्ट प्लग घट्ट करण्याची. इंजिन थंड असतानाच हात घालावा, कारण इंजिनाचे हेड (प्लग ज्यात बसतो तो वरचा भाग) ॲल्युमिनियमचे असेल तर गरमपणी त्याचे आटे सहज जातात. प्लगभोवतीची धूळ हवेने उडवून मगच तो काढावा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग प्रथम हातानेच फिरवावा. वॉशर टेकल्यावर टॉर्क पान्याने (किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच आवळावा. आट्यांना ग्रीस चोपडण्याची सवय अनेकांना असते; मुलामा असलेल्या प्लगांना ते लावले तर पाना तेच माप दाखवतो, पण प्लग प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. इरिडियमच्या प्लगाची बारीक तार गेजने वाकवून फट जुळवण्याचा सल्लाही मी देणार नाही, ती मोडते.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून पाहावेत. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे सर्व ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, आणि ओले तेलकट टोक म्हणजे तेल आत शिरू न देणाऱ्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सील पाहण्याची वेळ. चारांपैकी एकच प्लग काळा निघाला, तर मी सर्वप्रथम त्याच्या वायरीकडे पाहतो.

लेखकांनी पुढील लेखात ते एक वाक्य दुरुस्त करावे, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त मोटार मेकॅनिक