दार फोडल्यानंतरचं कुणी दाखवत नाही

महोदय,

गेल्या महिन्यात नात टीव्हीवर गुन्हेगारी मालिका बघत होती, म्हणून मीही बसले. मुलीला भर रस्त्यातून व्हॅनमध्ये कोंबलं, तळघरात साखळीने बांधलं. शेवटी इन्स्पेक्टरसाहेबांनी लाथ घालून दार फोडलं आणि ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. नात म्हणाली, "आजी, तुझ्याकडे यायच्या त्या अशाच का गं?"

माणसांच्या तस्करीतून सुटका झालेल्या बायकांच्या निवारागृहात मी 19 वर्षं समुपदेशक होते. साखळीतून सोडवलेली एकही मला आठवेना.

बहुतेकजणी आपल्या पायांनी गाडीत बसलेल्या. नेणारी मावशी, शेजारीण, नाहीतर लग्नाचा शब्द दिलेला मुलगा. दाराला कुलूप नसायचं, उचल असायची. प्रवास, खोलीभाडं, कपडे, सगळं वहीत तिच्या नावावर. आणि फिटूच नये असा हिशेब. एकजण तर सोडवणाऱ्या पोलिसांवरच खेकसली होती, "माझे राहिलेले पैसे आता कोण देणार?" 'मला कुणी पळवलं नाही, मीच आले' हे तर रोजचंच. संयुक्त राष्ट्रांचा मानवी तस्करीविरुद्धचा 2000 सालचा पालेर्मो करार सांगतो की फसवून, धाकाने किंवा अगतिकतेचा फायदा घेऊन मिळवलेली संमती ही संमती नव्हे. पण त्या बाईने आयुष्यभर पडद्यावर पाहिलेली असते ती साखळी. ती आपल्या पायात नाही, म्हणजे चूक आपलीच, असं ती धरून चालते.

आणि पुरुष? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2021 च्या अंदाजाप्रमाणे जगात 2 कोटी 76 लाख माणसं सक्तीच्या श्रमात अडकली आहेत. त्यांत लैंगिक शोषणासाठी राबवली जाणारी 63 लाख. बाकीच्यांत शेतात, बांधकामावर, परक्यांच्या स्वयंपाकघरात राबणारीही. मासेमारीच्या बोटीवर अडकलेला बाप्या मालिकेत कुणी पाहिलाय? (त्याला बघायला प्रेक्षक बसणार नाहीत, हे मलाही कळतं.)

जबाबाचं तर विचारूच नका. भेदरलेल्या बाईला तारखा आठवत नाहीत, आज एक सांगते, उद्या दुसरं. मालिकेतली मात्र एका दमात सगळं सांगून मोकळी. मग खरी बाई अडखळली की ऐकणारा म्हणतो, खोटं बोलतेय. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या मुलीसुद्धा सुरुवातीला हेच म्हणायच्या.

पुढच्या आठवड्याचा भाग मी मुद्दाम पाहिला. त्यात नवा खून होता. ती मुलगी रात्री कुठे झोपली, घरच्यांनी तिला आत घेतलं का, इन्स्पेक्टरसाहेबांनीही विचारलं नाही.

— एक निवृत्त समुपदेशक