भित्रा कोण, हे ठरवणार कोण?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

पेपरात युद्धपटांवर जे काही छापून येतं ते बहुतेक ॲक्शन, बजेट आणि कलेक्शनबद्दलच असतं, त्यातल्या माणसांच्या मनात काय चाललंय यावर कोणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र. स्टॅनली कुब्रिकचा १९५७ सालचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी' बघितला नसेल तर प्लीज बघा, ब्लॅक अँड व्हाइट आहे आणि दीड तासाच्या आत संपतो.

पहिलं महायुद्ध, फ्रेंच सैन्य, एक टेकडी घ्यायची ऑर्डर. जनरल मिरो आधी साफ सांगतो की माझ्या माणसांना हे झेपणार नाही, पण वरिष्ठाने प्रमोशनचा विषय काढला की बोलता बोलता त्याचं मत फिरतं, आणि मला गोळीबारापेक्षा हाच सीन जास्त भयानक वाटतो कारण तो स्वतःलाच पटवत असतो. नंतर खंदकात एक बधिर झालेला सैनिक बायकोचा विषय निघताच रडायला लागतो, सार्जंट म्हणतो याला शेलशॉक (तोफगोळ्यांच्या माऱ्याने मनाला बसलेला धक्का) झालाय, तर जनरल म्हणतो असलं काही नसतंच आणि त्याच्या थोबाडीत मारतो!

हल्ला फसतो. मग भित्रेपणाच्या आरोपाखाली तिघांना लष्करी कोर्टापुढे उभं केलं जातं. त्यातला एकजण लेफ्टनंटने मुद्दाम निवडलेला, कारण रात्रीच्या गस्तीवर लेफ्टनंटनेच घाबरून आपल्याच माणसावर ग्रेनेड टाकला होता हे या सैनिकाला माहीत असतं. दुसऱ्याचं नाव चिठ्ठी टाकून निघतं, म्हणजे शौर्याबद्दल गौरव झालेला माणूस भित्रा ठरतो. तुरुंगात त्याची कवटी फुटते तरी त्याला स्ट्रेचरसकट खांबाला बांधतात आणि गोळ्या घालण्याआधी शुद्धीवर यावा म्हणून गालाला चिमटे काढतात. हे अगदीच मनाचं नाहीये, १९१५ मध्ये फ्रान्समधल्या सुएँ इथे फ्रेंच सैन्याने आपल्याच चार कॉर्पोरलना असंच मारलं आणि १९३४ मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं. हा सिनेमा फ्रान्समध्ये लागायला १९७५ उजाडलं.

आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत. सुट्टीवर आलेला माणूस रात्रभर जागा का असतो हे घरात विचारायची पद्धत नाही, विचारलं तरी तो सांगत नाही. रविवार पुरवणीत एखादा मानसोपचारतज्ज्ञ आणि एखादा निवृत्त जवान या दोघांकडून अशा जुन्या सिनेमांवर लिहून घ्याल का? जागा कमी पडत असेल तर बॉक्स ऑफिसचे आकडे एक रविवार गाळा, चालेल आम्हाला.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा