मांडे करणारीलाही व्यावसायिक म्हणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात टीव्हीवरच्या पाककला स्पर्धांवरचा लेख वाचला. त्यात ‘व्यावसायिक शेफ’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला आणि दर वेळी त्याचा अर्थ मोठ्या हॉटेलात काम करणारा माणूस एवढाच होता. मी पारोळा तालुक्यातली. गेली बावीस वर्षं लग्नाच्या, साखरपुड्याच्या आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, स्वयंपाकाला पुरणाचे मांडे करायला जाते. त्याचे पैसे घेते. त्यावर घर चाललं, मुलगा शिकला. मग मी कोण?

मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकून पुण्याला नोकरी करतो. सुटीवर आला की मोबाइलवर ब्रिटनची ‘मास्टरशेफ : द प्रोफेशनल्स’ लावतो आणि शेजारी बसून मला अर्थ सांगतो. ही स्पर्धा २००८ पासून चालू आहे आणि ती पोटापाण्यासाठी रांधणाऱ्यांचीच आहे. तिच्यातली कौशल्याची फेरी मला फार आवडते. मोनिका गॅलेटींसारखे परीक्षक आधी तो पदार्थ स्वतः करून दाखवतात. मग स्पर्धक आत येतो. काय करायचं ते त्याला तिथेच कळतं आणि हाताशी मोजकी मिनिटं असतात. चांगली नोकरी असलेल्या माणसाचे हात तिथे थरथरतात. ते बघून मला माझा सासरचा पहिला मांडा आठवतो. चुलीवरच्या मातीच्या खापरावर टाकताना मधोमध फाटला आणि पुरण करपलं. सासूबाई रागावल्या नाहीत. “हात हलका ठेव वं,” एवढंच म्हणाल्या.

मुलाने २०११ सालच्या अमेरिकेतल्या ‘टॉप शेफ मास्टर्स’च्या तिसऱ्या पर्वाबद्दलही सांगितलं. त्यात नावाजलेले शेफ समाजकार्याला देणगी मिळावी म्हणून उतरायचे. ते पर्व आपल्या मुंबईचे फ्लॉइड कार्डोझ जिंकले. अंतिम फेरीत त्यांनी उपमा केला! मशरूमचा उपमा, सोबत कोकम आणि नारळाचं दूध. बक्षिसाचे एक लाख डॉलर कर्करोगावर काम करणाऱ्या तरुण संशोधकांच्या निधीला गेले. मार्च २०२० मध्ये कोरोनाने ते गेले, हे ऐकून वाईट वाटलं. अचानक पाहुणा आला की आपण जो उपमा परततो, तो त्या माणसाने एवढ्या मोठ्या परीक्षकांपुढे मान वर ठेवून मांडला. मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

आपल्याकडे २०१० पासून ‘मास्टरशेफ इंडिया’ आहे, पण ती घरच्या घरी रांधणाऱ्यांची स्पर्धा. मी पैसे घेते म्हणून तिथे बसत नाही. व्यावसायिकांत बसावं तर माझ्या अंगावर हॉटेलचा पांढरा कोट नाही. पंगतीला वांग्याचं भरीत घोटणारे, एका कढईत शेकडो माणसांची डाळ उतरवणारे आपले सगळे आचारी असेच दोन दारांच्या मधे उभे आहेत.

मांड्यात कौशल्य किती, हे ज्याने फक्त खाल्ला त्याला कळत नाही. गव्हाला ओल देऊन दळायचं, पीठ वस्त्रगाळ करायचं, मग कणीक इतकी मळायची की ती ओढली तरी तुटता कामा नये. पुरण सैल झालं तर मांडा फुटतो, घट्ट राहिलं तर पसरतच नाही. उंडा थोडा लाटला की पुढे लाटणं नाही, पोळपाट नाही. दोन्ही हातांवर तो फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि उलट्या खापरावर अलगद सोडायचा. जाळ एका बाजूला जास्त झाला की संपलं. लाकूड ओलं आहे की वाळलेलं, वारा कुठून येतो, हे बघूनच बसावं लागतं. मोठ्या लग्नात पहाटे चारला चूल पेटते आणि दुपारी पंगती उठेपर्यंत मी जागची हलत नाही. घड्याळ माझ्याही डोक्यावर असतं, फक्त ते कॅमेऱ्यात दिसत नाही.

मागच्या वर्षी एका मंगल कार्यालयात माझी चूल शोभेची म्हणून दारातच मांडली होती. लोक फोटो काढत होते. फलकावर सगळ्या पदार्थांची नावं होती, कंत्राटदाराचं नाव होतं. आम्हा तिघी मांडे करणाऱ्यांचं कुठेच नव्हतं. मजुरी पूर्ण मिळाली, त्याची तक्रार नाही. नाव हवं होतं.

जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहे. पण वांगं पळाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजून लाकडी बडगीत कुटणारा हातही मोजला पाहिजे.

म्हणून आपल्याला विनंती आहे. येत्या आखाजीला आपल्या दैनिकाने जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या आचाऱ्यांची आणि मांडे करणाऱ्यांची स्पर्धा घ्यावी. रांधून पैसे कमावतो एवढीच अट ठेवावी, शिक्षणाचा दाखला मागू नये. एका ताटावर निकाल देऊ नका, निदान पन्नास माणसांची पंगत वाढायला लावा. शेवटचा मांडाही पहिल्यासारखाच मऊ उतरला का, ते बघा. परीक्षक असे निवडा की जे आधी खापरावर स्वतः करून दाखवतील. आणि निकालाच्या बातमीत प्रत्येकाचं नाव गावासकट छापा.

जागा आणि सरपण मिळालं तर खापर मी माझं आणीन. दोन मुली माझ्या हाताखाली शिकत आहेत, त्यांचीही नावं देईन.

आपली,
मांडे करणारी एक वाचक
ता. पारोळा, जि. जळगाव