नाव न सांगता हात देणाऱ्यांनो, आभार

प्लांट बंद पडल्यावर घरी बसलेली, संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतली पोरं पुन्हा मशीनवर उभी आहेत, ती तुमच्यामुळं. नावं सांगितली नाहीत, म्हणून असे जाहीर आभार.

सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, ट्रायलला (नोकरीआधी घेतात त्या कामाच्या परीक्षेला) माणूस कुठं अडकतो, ते तुम्ही बजाजनगरच्या टपरीवर रद्दी कागदावर काढून दाखवलंत. मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात आला की आधी झिरो एरर बघायचा, म्हणजे तो मुळातच चुकीचं माप दाखवत नाही ना ते. 25.00 मिमीचा शाफ्ट (गोल दांडा) 25.04 आला, तर एक्सच्या वेअर ऑफसेटला (हत्याराच्या झिजेची दुरुस्ती भरतात त्या रकान्यात) उणे 0.04, निम्मं नाही, कारण लेथवर एक्सचं माप बहुतेक त्रिज्येत नाही, व्यासातच धरलेलं असतं. बोअर (आतलं भोक) मात्र पहिल्या कटला मुद्दाम लहान ठेवायचा. एकदा मोठा झाला की जॉब भंगारात! प्रोग्रॅम तोंडपाठ असणारेही इथंच अधिक-उण्याचं चिन्ह चुकवतात.

पीएफचंही तसंच समजावलंत. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर पैसे अडकतात. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती तारीख आपल्यालाच पीएफच्या पोर्टलवर टाकता येते, शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्याच महिन्यातली. एजंटला छदाम देऊ नका म्हणून दरडावलंत, लई बरं केलंत.

चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत. तेवढं मात्र पटलं नाही.